कातळावरची कलमं दर पावसाळ्यानंतर का मरतात, आणि आम्ही खड्डा कसा बदलला

प्रॉब्लेम आधी सांगते, म्हणजे तुमचाही हाच आहे का ते लगेच कळेल. देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची जागा आहे, वर वीतभर माती आणि खाली सगळा जांभा दगड. ब्रेकर लावून तीन फुटी खड्डे मारले, माती-शेणखत भरलं, जूनमध्ये हापूसची कलमं लावली. जुलैत मस्त तांबूस पालवी आली. ऑगस्टमध्ये पानं मलूल व्हायला लागली, गणपतीत जरा उघडीप मिळाली की सावरल्यासारखी वाटायची, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की आठ-दहा दिवसांत अख्खं झाड वाळून उभं. पानं गळतसुद्धा नाहीत, फांदीला चिकटून तपकिरी होतात. असं सलग तीन वर्षं झालं. दर वर्षी मेलेल्या जागी नवीन कलम आणून लावायचं आणि पुढच्या दिवाळीला तोच खड्डा पुन्हा रिकामा.

पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं ऑक्टोबरात पाणी कमी पडलं, म्हणून दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटापासूनच पाणी सुरू केलं, उलट जास्त मेली. मग वाटलं वाळवी, कारण उपटलेल्या झाडाच्या बुंध्याला वाळवी होतीच, पण ती मेलेलं लाकूड खायला नंतर आली होती, जे झाड नुसतं मलूल होतं त्याच्या बुंध्याला काहीच नव्हतं. तिसऱ्या वर्षी नर्सरी बदलली. फरक शून्य.

शेवटी मी एक गोष्ट केली जी पहिल्याच वर्षी करायला हवी होती, ती म्हणजे ऑगस्टमध्ये, भर पावसात, एक मलूल झालेलं कलम मुळासकट काढून बघितलं. खड्ड्यात हात घातला तर अर्ध्या फुटाखाली सगळा चिखल, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. मुळं पांढरी-पिवळसर असायला हवीत ती काळपट, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात आणि मधला दोरा तेवढा शिल्लक. सासरे शेजारी उभे होते, ते एवढंच म्हणाले, "ह्या झाडाक पाणी नको गो, वारो होयो." म्हणजे वारा हवा. मला तेव्हा ते नुसतं म्हणण्यापुरतं वाटलं होतं. नंतर वाचत गेले, माहितगार माणसांना विचारत गेले, तेव्हा कळलं की निदान अगदी अक्षरशः तेच आहे.

आता कारण नीट समजून घ्या, कारण ते डोक्यात बसलं नाही तर मलूल झाड बघून हात आपोआप पाण्याच्या पाइपकडे जातो.

झाडाला आपल्यासारखं हृदय नाही, पाणी वर चढवायला पंप नाही. पानांवर बारीक पर्णरंध्रं असतात, ती हवा आत घ्यायला उघडतात आणि त्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते, त्या जाण्यानं खालच्या पाण्याला ओढ बसते आणि पाण्याचे कण एकमेकांना धरून असल्यामुळे अख्खी पाण्याची दोरी मुळापासून शेंड्यापर्यंत वर खेचली जाते. डिक्सन आणि जोली या दोन शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही मान्य आहे. म्हणजे ओढणारं टोक पानात आहे. पण आत शिरायचं दार मुळात आहे, आणि ते दार उघडं ठेवायला, मुळाला जिवंत राहायला, क्षार आत घ्यायला ऊर्जा लागते. ती ऊर्जा मूळ श्वासातून मिळवतं. पान उजेडात स्वतःपुरता ऑक्सिजन तयार करतं, मूळ अंधारात आहे, त्याला तो मातीतल्या पोकळ्यांतल्या हवेतूनच घ्यावा लागतो.

एक लिटर हवेत ऑक्सिजन साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. आपल्याकडच्या पावसाळी तापमानाच्या एक लिटर पाण्यात, अगदी पूर्ण विरघळला तरी, आठच्या आसपास. त्यात पाण्यातून ऑक्सिजन पसरतो तो हवेपेक्षा जवळपास दहा हजार पट हळू. म्हणजे मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की आत आहे तेवढा ऑक्सिजन मुळं आणि मातीतले जिवाणू मिळून थोड्याच वेळात संपवतात, आणि वरून नवीन येतच नाही. मग मूळ ऑक्सिजनशिवाय साखर आंबवून दिवस काढायला लागतं. हवा असताना साखरेच्या एका रेणूतून ऊर्जेची तीसच्या आसपास नाणी मिळतात, हवा नसताना फक्त २. त्यात मुळाच्या पेशीत आम्लता वाढते आणि पेशींच्या पडद्यावरची पाण्याची दारं बंद होतात. ही दारं म्हणजे अॅक्वापोरिन, पीटर अॅग्र यांना त्यांच्या शोधासाठी २००३ चं नोबेल मिळालं, आणि गंमत म्हणजे ती पहिल्यांदा सापडली माणसाच्या रक्तातल्या लाल पेशींत. तीच जात झाडाच्या मुळातही आहे.

म्हणजे कलम गुडघाभर पाण्यात उभं आहे आणि खरोखर तहानलेलं आहे, कारण पाणी घ्यायचं दारच बंद झालंय. आपण त्यावर अजून पाणी ओततो.

मग ऑक्टोबरात का मरतं, ऑगस्टमध्येच का नाही? कारण पावसाळ्यात ढग असतात, हवा दमट असते, पानांतून वाफ फार जात नाही, त्यामुळे चार चांगली मुळं शिल्लक असली तरी भागतं. ऑक्टोबरचं ऊन आलं की पानांची ओढ एकदम वाढते आणि खाली पुरवणारं कोणी उरलेलं नसतं. मरण दिसतं ऑक्टोबरात पण झालेलं असतं जुलै-ऑगस्टमध्ये, आणि म्हणूनच आम्ही तीन वर्षं चुकीच्या महिन्यात उपाय करत राहिलो. ही पोस्ट लिहायचं खरं कारण हेच.

"मग भात कसं उभं राहतं पाण्यात?" हे मला सगळ्यात जास्त विचारलं गेलंय. भाताचा काडा आडवा कापून बघा, आत पोकळ नळ्या दिसतील. मुळातही तशाच हवेच्या वाटा असतात, पानातून हवा त्या वाटेने थेट मुळाच्या टोकापर्यंत उतरते, आणि मुळाच्या बाहेरच्या थराला असं अस्तर येतं की वाटेत ती हवा चिखलात गळून जाऊ नये. भात स्वतःची हवा स्वतः घेऊन चिखलात उतरतं. आंब्याकडे ती सोय नाही.

आणि खाडीवर तर याचं प्रदर्शनच लागलेलं आहे. ओहोटीला तिवराखाली गेलात तर चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी शेकडो मुळं वर आलेली दिसतात, ती श्वासाची मुळं. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात, पाणी गेलं की हवा आत आणि भरतीत ती छिद्रं बंद, आत साठवलेल्या हवेवर झाड सहा तास काढतं. कांदळाचं तेच काम त्याची कमानीसारखी मुळं करतात. शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही छिद्रं ग्रीसने बुजवून बघितली, तर चिखलातल्या मुळांमधला ऑक्सिजन झपाट्याने उतरला. आपल्या राज्याने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्ष केलं, तिचीही मुळं अशीच शंकूसारखी वर येतात, बघून ठेवा. त्याच चिखलात कुर्ल्या (खेकडे) बिळं खणतात आणि त्या बिळांतून हवा खाली उतरते. निवटी बाजारात सगळ्यांनी बघितली असेल, ती कल्ल्यांच्या खोलीत पाणी भरून जमिनीवर फिरते, ओल्या कातडीतूनही श्वास घेते, आणि काही जाती तर तोंडात हवा भरभरून बिळाच्या तळाच्या खोलीत नेऊन सोडतात म्हणजे भरतीत आत अंड्यांना हवा मिळावी. एवढासा मासा भरती यायच्या आधी आपल्या घरात हवा साठवून ठेवतो, हे वाचल्यावर मला आमच्या खड्ड्यांचं फार वाईट वाटलं होतं.

आता खड्ड्याकडे. कातळात मारलेला खड्डा म्हणजे दगडी डोणी. बाजूनी झिरपायला वाव कमी, तळाला वाव कमी, आणि वरून आपल्याकडे पडतो पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. शिवाय आजूबाजूचा सडा उताराने आपलं पाणी त्याच डोणीत आणून सोडतो. "पण जुने आंबे तर कातळातच उभे आहेत की" असं म्हणाल, तर त्यांची मुळं भेगांत गेलीत, भेग खाली कुठेतरी उघडी असते, पाणी निघून जातं आणि मागे हवा येते. आमच्याही बागेत गडग्याच्या (दगडी बांधाच्या) खालच्या बाजूची सहा कलमं तिन्ही वर्षं जगली, तिथे कातळ फुटलेला होता. आम्ही त्याला नशीब म्हणत होतो.

तपासायचं कसं ते सांगते. मे महिन्यात खड्डा रिकामा असताना तळाला पहारीने फूटभर छोटं भोक घ्या, संध्याकाळी बादलीभर पाणी ओता, ते आत जिरलं की परत एकदा भरा (पहिलं पाणी कोरडा दगड पितो, त्यावर विसंबू नका) आणि सकाळी बघा. भोक कोरडं असेल तर तुमचा खड्डा चांगला. सकाळी पाणी जवळपास तेवढंच असेल तर तो हौद आहे, त्यात कलम लावू नका. ज्यांची कलमं आधीच लागलेली आहेत त्यांनी अडीच-तीन फुटांचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्यायचा, खालच्या अर्ध्या भागाला ड्रिलने भोकं पाडायची, खड्ड्याच्या कडेला मुळं न दुखवता उभा पुरायचा, वरचं तोंड झाकून ठेवायचं. जोराचा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी आत काठी घालून किती ओली होते बघा. दोन-तीन दिवसांनी पण वरच्या फूटभरात पाणी असेल तर मुळं बुडालेली आहेत. मला या पाइपनेच खात्री पटवली, आमच्या १४ खड्ड्यांत पाणी आठवडाभर हललं नव्हतं.

खणायच्या आधी जागा ओळखायची असेल तर पावसाळ्यात सड्यावर फिरा आणि फुलं बघा. जिथे गेंदाच्या पांढऱ्या टाचण्या आणि सीतेची आसवं दाटीने फुलतात तिथे पाणी साठून राहतं, ती झाडं त्या ओलीचीच आहेत. सीतेची आसवं तर काय वनस्पती आहे, खाली बारीक पिशव्या असतात, पिशवीतलं पाणी बाहेर टाकून आत ओढ तयार करून ठेवते आणि एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की पाण्यासकट आत, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही इतक्या वेगात. ती जागा तिचीच राहू दे, तिथे खड्डा नको. आम्ही आता तो पट्टा मोकळाच सोडलाय.

झाडावर एक खूण बघायची. पाण्यात अडकलेल्या आंब्याच्या बुंध्याला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, सालीवर पांढरट फुगीर ठिपके येतात, ओल्या कापसासारखे. कितीतरी जण त्याला बुरशी समजून खरवडून वर औषध लावतात. आम्हीपण लावलं होतं. ती सालीवरची श्वासाची छिद्रं आहेत, वल्करंध्रं, झाड ती मोठी करून तिथून हवा घ्यायचा प्रयत्न करतंय. ज्या आंब्यांना ही येतात ते पुरात जास्त टिकतात, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. ती खरवडू नका, त्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचं बुरशीचं औषध) फासू नका, चिखल किंवा ओला पाला बुंध्याला टेकवून ठेवू नका. ठिपके दिसले म्हणजे खाली पाणी साठलंय एवढा निरोप घ्यायचा आणि पाणी काढायला लागायचं.

आम्ही काय काय करून बघितलं ते आता. उताराच्या खड्ड्यांना खालच्या बाजूने चर काढला, खड्ड्याच्या तळापर्यंत. इथे हिशोब आधी करा, कारण आमचा चुकला होता. दहा फुटांना एक फूट उतार असेल तर तीन फुटी खड्ड्याचा तळ उघडा करायला तीस फूट चर लागतो, आणि तोही जांभ्यात. एकेका झाडाला हे परवडत नाही, पण उताराच्या रेषेत एकाखाली एक खड्डे असतील तर एकच चर सगळ्यांना जोडत खाली पऱ्ह्याला (ओढ्याला) नेता येतो. चरात चिऱ्याचे तुकडे भरले, वर माती येऊ नये म्हणून झावळ्या आणि वाळकं गवत टाकलं. नुसता वरचा अर्धा फूट चर काढून काही होत नाही, खालचे अडीच फूट पाणी तसंच बसतं. आम्ही पहिल्यांदा तेच केलं होतं.

तळाला ब्रेकरने भोक पाडून बघितलं, दोन खड्ड्यांत पाणी खाली उतरलं, बाकीच्यांत नाही. करून बघायला हरकत नाही पण भरवशाचं नाही.

सपाट सड्यावर चर निघतच नाही, तिथे खड्ड्याचा नाद सोडून उंचवटा करा. आमचं खरं काम यानेच झालं. कातळावर चिऱ्याच्या तुकड्यांचा गोल गडगा, सुका, सिमेंट न लावता, सहा-सात फूट रुंद आणि दोन-अडीच फूट उंच, आत खडे असलेली लाल माती. सुका गडगा हवाच कारण त्याच्या फटीतून पाणी निघतं आणि फटीतूनच हवा आत येते. ज्यांचे खड्डे आधीच मारलेले आहेत त्यांनी खड्डा मोठ्या दगडांनी भरून त्यावर उंचवटा करायचा. माती आणायला पैसे जातात हे खरं आहे, पण तीन वर्षं कलमांवर आणि मजुरीवर गेलेले आमचे पैसे मोजले तर माती स्वस्त पडली. मातीत आधारासाठी काठी लावायला विसरू नका, उंचवट्यावर वारा जास्त लागतो.

लावताना कलम मातीच्या पातळीपेक्षा चार-सहा बोटं वर ठेवा. भरलेली माती पहिल्या पावसात खाली बसते, आणि झाड तिच्यासोबत खाली जाऊन वाटीच्या मधोमध येतं. आणि ताजं शेण, हिरवा पाला खड्ड्याच्या तळाला अजिबात नको, पूर्वीपासून घालतात म्हणून आम्हीपण घातलं होतं. कुजायला त्याला ऑक्सिजन लागतो, साठलेल्या पाण्यात तो मुळांच्या तोंडचा घेतो, आणि तो संपला की मग तो अंड्यासारखा वास. पूर्ण कुजलेलं, मातीचा वास येणारं खतच घ्या आणि वरच्या थरात मिसळा.

ज्यांचं झाड आत्ता, या घटकेला मलूल आहे त्यांच्यासाठी. पाणी देऊ नका. युरिया देऊ नका, कुठलंही टॉनिक नको, मुळं घ्यायच्या स्थितीतच नाहीत. खड्ड्यातलं पाणी आधी बाहेर काढा, उतार असेल तर पाइपने सायफन लावून, नाहीतर पाइपात छोटा पंप लावून, तोही नसेल तर कडेला खड्डा करून टमरेलाने. बुंध्याजवळची चिखल झालेली माती हलक्या हाताने बाजूला करा म्हणजे वरची मुळं हवेला येतील. साधारण एक तृतीयांश पानं कमी करा, ओढ कमी होते. उघडीप पडली तर दोन झावळ्या रोवून सावली करा. मग पंधरा-वीस दिवस थांबा, हे सगळ्यात अवघड आहे, रोज काहीतरी करावंसं वाटतं. ऑक्टोबर लागला की पाणी थोडं-थोडं आणि वरचेवर द्यायचं, एकदम भरून नाही, कारण मुळं थोडी आहेत आणि ती वरच्या थरातच आहेत. शेंड्याला डोळा फुगलेला दिसला तर झाड वाचलं.

बुंध्याची साल नखाने जराशी खरवडा, आत हिरवं-पांढरं असेल तर आशा आहे. जमिनीलगत सगळीकडून तपकिरी आणि ओलसर असेल, वास येत असेल तर ते झाड काढा आणि तीच माती तशीच परत वापरू नका, ओल्या गुदमरलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरश्या चढतात आणि त्या मातीत राहतात. खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या. औषधाची गरज आहे का हे मुळाचा तुकडा आणि माती घेऊन वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून ठरवा, दुकानदाराच्या सांगण्यावरून नको.

माड आणि पोफळीवाले विचारतील म्हणून थोडक्यात. माडाच्या मुळांवर हवा घेणारे बारीक पांढरे भाग असतात, त्यामुळे तो आंब्यापेक्षा पुष्कळ सोसतो, आणि खाडीकाठचं भरती-ओहोटीचं हलतं पाणी त्याला चालतं कारण पाणी हललं की सोबत हवा येते. साठून हिरवं झालेलं पाणी त्यालाही नको. आगरातले पाट पावसाळ्याआधी साफ करून वाहते ठेवायचे असतात ते यासाठीच.

आमचं आत्ताचं सांगायचं तर गेल्या पावसाळ्यात उंचवट्यावर लावलेली २२ आणि चराला जोडलेली ९ कलमं होती. चराच्या ओळीतलं एक गेलं, तिथे चर मातीने बुजला होता आणि आमच्या लक्षात यायला उशीर झाला. उंचवट्यावरची सगळी ऑक्टोबर पार करून आत्ता दुसऱ्या पालवीत आहेत. पाइप सगळीकडे तसेच ठेवलेत, सासरे रोज पावसानंतर काठी घेऊन फिरतात आणि किती बोटं ओली झाली ते मला घरात येऊन सांगतात.

तुमच्याकडे पण असंच असेल तर खाली लिहा, पण लिहिताना जमीन कातळ आहे की मळा, उतार किती, खड्ड्यात पाणी किती दिवस राहतं आणि मुळं काढून बघितली का हे नक्की सांगा. नुसता सुकलेल्या पानाचा फोटो टाकलात तर त्यावरून काही सांगता येत नाही, मुळाचा फोटो टाका.